लंडनचे राजवाडे आणि संग्रहालये : मुंबईत करायची तयारी आणि तिथे पाहण्याची रीत

लंडनला सात-आठ दिवसांसाठी निघालेल्या मुंबईकर कुटुंबाच्या यादीत दिवसाला एक राजवाडा आणि दोन संग्रहालये असा हिशेब हमखास आढळतो. आमच्या पहिल्या खेपेस हेच झाले होते. एका प्रवास-व्यावसायिकाने आखून दिलेल्या कार्यक्रमात सकाळी टॉवर ऑफ लंडन आणि दुपारी ब्रिटिश म्युझियम होते. अडीचच्या सुमारास इजिप्तच्या दालनातील बाकावर बसून आईने बूट काढले, पाय चोळत समोरच्या प्रचंड दगडी मस्तकाकडे एकदा पाहिले आणि "आता मला पुढे काही दाखवू नका" असे सांगून टाकले. ते मस्तक दुसऱ्या रामसेसचे, तीन हजार वर्षांहून जुने, आणि तिला ते मनापासून पाहायचे होते. ती बसली त्या क्षणाला मात्र तिच्या पायांचे तुकडे पडले होते. पुढच्या दोन खेपांत आमची जी पद्धत बसत गेली, ती येथे क्रमाने मांडली आहे. दिवसाला एकच मोठे ठिकाण घ्यावे, त्या ठिकाणी पाच ते सात वस्तू किंवा खोल्या नीट पाहाव्यात, आणि त्यांची निवड मुंबईत असतानाच केलेली असावी, एवढाच तिचा गाभा आहे.

सुरुवात मुंबईत

प्रवासाच्या दीड-दोन महिने आधी, जी माणसे लंडनला जाणार आहेत त्या सर्वांना घेऊन एका सकाळी फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जावे. या भेटीत दोन कामे होतात. पहिले काम मोजमापाचे आहे. आत शिरल्याची वेळ लक्षात ठेवावी आणि घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला किंवा सर्वांत लहान मुलाला बसावेसे कधी वाटते, ते पाहावे. बहुतेक घरांत ही वेळ सव्वा ते दीड तासाची निघते. लंडनमध्ये स्थानकापासून चालणे आणि सुरक्षा-तपासणीची रांग यांची त्यात भर पडते, म्हणून तिथला पहिला विसावा तासाभरानेच धरावा.

दुसरे काम अधिक मोलाचे आहे. लंडनमधील कितीतरी वस्तूंचा धागा मुंबईतून जातो आणि तो धागा हाती असला की परक्या शहरातील अनोळखी दालनसुद्धा ओळखीचे वाटू लागते. याच संग्रहालयात असिरियन, म्हणजे प्राचीन इराकमधील एका साम्राज्याच्या, राजवाड्यांच्या भिंतींवरील शिल्पपट आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्टिन हेन्री लेयार्ड याने आजच्या इराकमधील निमरूद येथे उत्खनन केले, तेव्हा तिथल्या शिळा टायग्रिस नदीतून बसऱ्याला आणि तिथून जहाजाने मुंबईमार्गे इंग्लंडला गेल्या. म्हणून फोर्टमध्ये हे शिल्पपट दहा मिनिटे पाहावेत, दाढीची वळणे, मनगटावरील कडी आणि दंडाचे स्नायू कसे कोरले आहेत ते मुलांना दाखवावे. ब्रिटिश म्युझियमच्या सातव्या आणि आठव्या दालनांत निमरूदच्या राजवाड्याच्या भिंतीच समोर येतात, तेव्हा मुले न सांगता थांबतात.

कोहिनूरचेही तसेच आहे. पंजाब खालसा झाल्यावर १८४९ मध्ये तो बाल महाराजा दुलीपसिंग याच्याकडून घेण्यात आला, लॉर्ड डलहौसीने तो स्वतः अंगावर बाळगून मुंबईला आणला आणि १८५० च्या एप्रिलमध्ये 'मेडिया' या जहाजाने तो मुंबईच्या बंदरातून निघाला. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली, आणि १९७५ मध्ये आजचे नाव मिळेपर्यंत तिचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम असेच होते. लंडनच्या त्याच नावाच्या संग्रहालयात जाण्यापूर्वी ती पाहिली, तर कलाकुसरीच्या वस्तूंचे संग्रहालय म्हणजे काय हे आपोआप उमगते. महात्मा फुले मंडईच्या दर्शनी भागावरील शेतकऱ्यांची शिल्पे जॉन लॉकवुड किपलिंग याची आहेत. हा १८६५ मध्ये सर ज. जी. कला शाळेत शिकवायला आला, आणि त्याआधी तो लंडनच्या त्याच संग्रहालयाच्या इमारतीच्या सजावटीवर काम करत होता. तिथल्या अंगणाच्या भिंतीवरील मोझेकमध्ये त्याचे चित्रही आहे.

वस्तूंची यादी करताना प्रत्येक वस्तू सध्या प्रदर्शनात आहे ना, हे तपासणे अत्यावश्यक आहे. ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या दोघांच्याही संकेतस्थळांवर संग्रहाचा शोध घेता येतो आणि वस्तूच्या पानावर ती कोणत्या दालनात आहे हे लिहिलेले असते. दालन-क्रमांक नसेल, तर ती वस्तू कोठारात किंवा उसनी दिलेली आहे असे समजावे. याचे ठळक उदाहरण म्हणजे वाघनखे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील ही वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणण्यात आली आणि प्रथम साताऱ्यात ठेवण्यात आली, हे ठाऊक नसलेली मंडळी लंडनमध्ये ती शोधत फिरतात. निवडलेल्या वस्तू आणि त्यांचे दालन-क्रमांक एका कागदावर लिहून घ्यावेत. मोबाइलपेक्षा कागद सर्वांच्या हाती पटकन फिरतो.

महिना आणि वेळ

मुंबईकर कुटुंबे बहुधा मे महिन्यात, दिवाळीत किंवा नाताळात निघतात, आणि या तिन्ही वेळांचे स्वभाव वेगळे आहेत. बकिंगहॅम पॅलेसची राजेशाही दालने नियमितपणे उघडतात ती उन्हाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, म्हणून मे महिन्यात जाणाऱ्यांनी ती आत जाऊन पाहायला मिळतील असे गृहीत धरू नये. इतर महिन्यांत मोजक्या दिवशी मार्गदर्शकासह फेऱ्या असतात, पण त्यांची तिकिटे लवकर संपतात. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे बदलतात आणि आपल्या व त्यांच्या वेळेतील अंतर साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर जाते. नाताळात २४ ते २६ डिसेंबर या काळात मोठी संग्रहालये बंद असतात, २५ डिसेंबरला भुयारी रेल्वे आणि बससुद्धा धावत नाहीत, आणि दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. केवळ राजवाडे आणि बागा यांसाठी जायचे असेल, तर मे महिनाच मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण संध्याकाळी आठनंतरही उजेड असतो.

तिकिटे

एक गोष्ट आधी स्पष्ट असावी : लंडनची मोठी राष्ट्रीय संग्रहालये विनामूल्य आहेत आणि राजवाड्यांना मात्र चांगलेच पैसे पडतात. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि नॅशनल गॅलरी यांच्या कायम संग्रहासाठी काहीच द्यावे लागत नाही. तिकीट लागते ते विशेष प्रदर्शनांना. तरीही ब्रिटिश म्युझियमसाठी वेळेचे विनामूल्य तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवावे, म्हणजे गर्दीच्या दिवशी आत जाणे सोपे पडते.

राजवाड्यांचे व्यवस्थापन दोन वेगळ्या संस्थांकडे आहे, आणि हे लक्षात न आल्यामुळे पैसे वाया जातात. टॉवर ऑफ लंडन, हॅम्पटन कोर्ट आणि केन्सिंग्टन पॅलेस ही ठिकाणे हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस या धर्मादाय संस्थेकडे आहेत, तर बकिंगहॅम पॅलेस आणि विंडसर कॅसल यांची व्यवस्था रॉयल कलेक्शन ट्रस्टकडे आहे. पहिल्या संस्थेच्या दोन-तीन ठिकाणी जायचे असेल, तर सुटी तिकिटे आणि वार्षिक सभासदत्व यांची बेरीज समोरासमोर मांडून पाहावी. चार जणांच्या कुटुंबाला सभासदत्व पुष्कळदा स्वस्त पडते. दुसऱ्या संस्थेकडून थेट घेतलेले तिकीट वर्षभराच्या पासमध्ये बदलून घेता येते, आणि ज्यांची मुले तिथे शिकत आहेत त्यांना त्याचा मोठा उपयोग होतो. सगळी ठिकाणे एकाच पासात देणाऱ्या जोड-तिकिटांचा मोह टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचा हिशेब दिवसाला तीन-तीन ठिकाणे उरकली तरच जुळतो, आणि तसे उरकायचे नाही हे आपण आधीच ठरवले आहे.

व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो. तो हाती येण्यापूर्वी पैसे परत न मिळणारी तिकिटे काढू नयेत.

दिवसाची आखणी

पहिले दोन दिवस पहाटे तीन-चारला जाग येते आणि संध्याकाळी सहालाच डोळे मिटू लागतात. याच्याशी भांडण्यापेक्षा त्याचा उपयोग करून घ्यावा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर उघडणारे ठिकाण घ्यावे आणि रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी संग्रहालये तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ठेवावीत. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दहापर्यंत उघडे असते. सहलीला आलेल्या शाळांची गर्दी सकाळी जाणवते आणि दुपारी दोननंतर ओसरते, त्यामुळे शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे शांतपणे पाहण्यासाठी आठवड्यातील सर्वोत्तम वेळ होय.

बस आणि भुयारी रेल्वे यांत बँकेचे संपर्करहित कार्ड चालते, पण प्रत्येक प्रवाशाचे कार्ड वेगळे हवे, आणि दिवसभर तेच कार्ड वापरले तरच दैनंदिन कमाल भाड्याचा लाभ मिळतो. आपल्या बँकेचे परकीय व्यवहाराचे शुल्क जास्त असेल, तर तिथले ऑयस्टर कार्ड घ्यावे. ज्येष्ठांसोबत शक्यतो बसने जावे. भुयारी रेल्वेच्या जुन्या स्थानकांत जिने फार असतात.

संग्रहालय कसे पाहावे

ब्रिटिश म्युझियमचे मुख्य दार ग्रेट रसेल स्ट्रीटवर आहे, पण मागील बाजूस माँटेग्यू प्लेसवरही एक दार आहे आणि तिथे रांग बहुधा लहान असते. भारत आणि चीन यांचे तेहतीसावे दालन याच बाजूला आहे, म्हणून आपल्या यादीची सुरुवात तिथून करणे सोयीचे. दालनाच्या टोकाला काचेमागे, नियंत्रित हवामानात, अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे ठेवलेली आहेत. ही अमरावती विदर्भातील नव्हे, आंध्रातील कृष्णेकाठची; आमच्या गटातील एका काकांना हे कळेपर्यंत अंबादेवीचे देऊळ आठवत होते, म्हणून मुद्दाम लिहिले.

येथे एक शिळा अशी आहे की तिच्याजवळ दहा मिनिटे घालवल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिच्या दोन्ही बाजूंवर कोरीवकाम आहे. एका बाजूचे काम इसवी सन पूर्व पहिल्या शतकातील आहे आणि त्यात बुद्धाची मूर्ती नाही. बोधिवृक्ष आहे, त्याखाली रिकामे आसन आहे आणि भोवती वंदन करणारी माणसे आहेत. सुमारे तीनशे वर्षांनी तीच शिळा उलटी फिरवून दुसऱ्या बाजूवर सगळा स्तूप कोरण्यात आला. त्यात कठडा, कठड्याच्या दाराशी बसलेले सिंह, वर घुमट आणि आकाशातून येणारे गंधर्व आहेत. मूळ स्तूप आज उभा नाही, त्यामुळे तो कसा दिसत असावा याचा सर्वांत चांगला पुरावा या शिळेवरच आहे. ज्यांनी कान्हेरी किंवा कार्ल्याची लेणी पाहिली आहेत, त्यांना चैत्याचा आकार ओळखू येतो आणि मग रिकाम्या आसनाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. आधी एक बाजू पाहावी, मग वळसा घालून दुसरी पाहावी, आणि पुन्हा पहिलीकडे यावे.

त्यानंतर विसावा घ्यावा. मधल्या छपरी चौकात बसायची सोय आहे. मग असिरियन दालने पाहावीत. सातव्या-आठव्या दालनांतील निमरूदचे शिल्पपट आणि दहाव्या दालनातील असिरियन राजा अशूरबनिपालच्या सिंहशिकारीचे शिल्पपट यांत जवळपास दोनशे वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या काळात शिल्पकारांचा हात किती मोकळा झाला, हे मरणाऱ्या सिंहाच्या ताणलेल्या नसांत दिसते. वाटेत चौथ्या दालनात इजिप्तची चित्रलिपी उलगडण्यास उपयोगी पडलेली रोझेटा शिळा आहे. तिच्याभोवती गर्दी कायम असते, म्हणून ती सकाळी अगदी सुरुवातीला किंवा शुक्रवारी संध्याकाळी पाहावी. इतके पाहून झाले की बाहेर पडावे. मजकूर वाचण्याविषयी एक सवय उपयोगी पडते : आधी वस्तू दोन मिनिटे पाहावी, मग पाटी वाचावी आणि पुन्हा वस्तू पाहावी. पाटीपासून सुरुवात केली तर डोळे पाटीवरच राहतात.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला साउथ केन्सिंग्टन स्थानकातून थेट भुयारी वाट आहे, पावसात ती फार सोयीची. टिपू सुलतानाचा वाघ ही तिथली सर्वांत प्रसिद्ध भारतीय वस्तू आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती लुटीत गेली. लाकडी वाघ एका युरोपीय माणसाच्या छातीवर बसलेला आहे. बाजूची मूठ फिरवली की भाता चालत असे, माणसाचा हात वरखाली होई, त्याच्या तोंडून विव्हळणे आणि वाघाच्या तोंडून गुरगुरणे निघे. शिवाय वाघाच्या कुशीतील झडप उघडल्यावर १८ कळांचे वाद्य दिसते. ज्या बाजूने झडप दिसते तिकडे जाऊन खाली वाकून पाहावे. दक्षिण आशियाच्या वस्तूंची मांडणी वेळोवेळी बदलते, म्हणून दालन-क्रमांक निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावा. याच इमारतीत रोममधील ट्रेजनच्या स्तंभाची प्लास्टरची पूर्णाकृती प्रतिकृती आहे. ती छताखाली मावेना म्हणून दोन तुकड्यांत उभी केली आहे.

ज्यांना चित्रकलेत विशेष रस आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कला शाळेतील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या आणि त्या लंडनला पाठवल्या गेल्या. त्यातील बऱ्याचशा १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्या याच संग्रहालयाकडे आहेत. २०२५ च्या मे महिन्यात स्ट्रॅटफर्डजवळ या संग्रहालयाचे कोठार लोकांसाठी उघडले आणि तिथे किमान दोन आठवडे आधी नोंदणी करून एका भेटीत पाच वस्तू विनामूल्य मागवता येतात. कोणत्या वस्तू मागवता येतील हे संकेतस्थळावर दिसते. आपल्यासाठी बाहेर काढलेली वस्तू टेबलावर, हातभर अंतरावरून पाहणे हा अनुभव काचेच्या कपाटांसमोर मिळत नाही.

राजवाडा कसा पाहावा

संग्रहालयात आपण वस्तूंकडे जातो. राजवाडा मात्र एका वाटेने चालत जाऊन पाहायचा असतो, आणि ती वाट हाच त्याचा अर्थ असतो. आपल्या वाड्यात देवडी, चौक, सदर, माजघर आणि देवघर हा क्रम असे आणि कोणाला कुठपर्यंत प्रवेश यावरून त्याचे घराशी नाते कळे. हॅम्पटन कोर्टमध्ये इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याची दालने अगदी याच रीतीने रचलेली आहेत.

वॉटर्लू स्थानकातून हॅम्पटन कोर्टला थेट गाडी आहे, सुमारे ३५ मिनिटे लागतात आणि स्थानकातून थेम्सवरील पूल ओलांडला की राजवाडा समोर येतो. राजवाड्याचे काही भाग राजा आठव्या हेन्रीच्या काळापासूनचे आहेत, पण चालण्याची शिस्त शिकायची तर तिसऱ्या विल्यमच्या रंगवलेल्या भव्य जिन्यापासून सुरुवात करावी. जिन्याच्या वर पहारेकऱ्यांचे दालन लागते. त्याच्या भिंतींवर सुमारे तीन हजार शस्त्रे नक्षीसारखी मांडलेली आहेत, आणि सामान्य प्रतिष्ठित माणूस इथवर सहज येऊ शके. पुढच्या दालनात छत्राखाली सिंहासन आहे. राजा तिथे नसला तरी दरबारी रिकाम्या सिंहासनाला वाकून नमस्कार करीत. त्यापुढे प्रत्येक दारागणिक माणसे कमी होत जातात, खोल्या लहान होतात, भव्य शयनगृह येते, जे मुख्यतः दाखवण्यासाठी होते, आणि त्याच्या मागे राजा खरोखर झोपत असे ती छोटी खोली. प्रत्येक उंबऱ्यावर थांबून "येथून पुढे कोण जाऊ शकत होते?" एवढाच प्रश्न विचारावा. ही दालने १९८६ च्या आगीत मोठ्या प्रमाणात जळाली होती आणि दुरुस्तीनंतर १९९२ मध्ये पुन्हा उघडली. मुलांना नंतर झुडपांच्या चक्रव्यूहात सोडावे आणि ज्येष्ठांनी १७६८ मध्ये लावलेला प्रचंड द्राक्षवेल पाहावा. या ठिकाणाला पूर्ण दिवस द्यावा.

टॉवर ऑफ लंडनमध्ये क्रम उलटा करावा. बहुतेक लोक दारापासून पाहत पाहत जातात, आणि अकराच्या सुमारास राजरत्नांच्या इमारतीसमोर लांब रांग लागते. म्हणून दार उघडताच सरळ तिथे जावे. कोहिनूर १९३७ मध्ये घडवलेल्या राणीमातेच्या मुकुटात पुढच्या बाजूस बसवलेला आहे. १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडल्यामुळे तो १०५.६ कॅरेटचा उरला आहे. मुकुटांसमोरून सरकता पट्टा जातो, त्यामुळे पाहायला काही क्षणच मिळतात. छायाचित्रे काढण्यास मनाई असल्याने मोबाइल खिशात ठेवून नजर आधीच त्या मुकुटावर लावावी. यानंतर यॉमन वॉर्डर या पारंपरिक पहारेकऱ्यांची मार्गदर्शन-फेरी घ्यावी. ती तिकिटातच असते. जमीन फरसबंदी दगडांची आणि जिने अरुंद आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी मधल्या श्वेत मनोऱ्यावर चढण्याचा आग्रह धरू नये.

सामान आणि खाणे

ब्रिटिश म्युझियममध्ये चाकांच्या बॅगा आत नेता येत नाहीत, म्हणून विमानतळावरून थेट तिथे जाऊ नये. अनेक संग्रहालयांत घडीचे हलके स्टूल आणि चाकाची खुर्ची मागितल्यास मिळते. आई आधी संकोचली, नंतर तेच स्टूल घेऊन अमरावतीच्या शिळेसमोर अर्धा तास बसली. दालनांत खाण्यास मनाई आहे. धपाटे, चिवडा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी आणि ब्रिटिश म्युझियमजवळच्या रसेल स्क्वेअरच्या बागेत बसून खावे.

शेवटच्या दिवशी सकाळ मोकळी राहिली, तर १० किंग हेन्रीज रोड येथील घर पाहावे. १९२१-२२ मध्ये लंडनमध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि तिथे स्मारक-संग्रहालय केले. चॉक फार्म स्थानकावरून तिथे चालत जाता येते. शांत निवासी रस्ता आहे, शेजाऱ्यांची दारे लागूनच आहेत, त्यामुळे मोठ्या गटाने एकदम जाऊ नये, आणि उघडण्याची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी.